पोटातल्या पहारेकऱ्यांचं औषध आपल्याकडे कधी?

हॉस्टेलवर कुणाचं पोट बिघडलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या रूममधून उरलेली अर्धी स्ट्रिप येते, नाहीतर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या देतो. साध्या जुलाबांना बहुतेक वेळा ओआरएस आणि आराम पुरतो, पण तेवढा धीर कुणाला? ही अँटिबायोटिक्स आतड्यातल्या आपल्या बाजूच्या जिवाणूंनाही मारतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

हे जिवाणू तिथे फुकट राहत नाहीत, पहारा देतात. जागा अडवतात, बाहेरच्या जंतूंना अन्न उरू देत नाहीत. काही तर पित्तातल्या आम्लांचं रूपच असं बदलतात की घातक जंतूंची वाढ खुंटते. हा पहारा उठला की ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’सारखा जंतू माजतो. तो बीजाणूंच्या रूपात दडी मारतो. म्हणून औषध चालू असेपर्यंत जुलाब थांबतात, औषध संपलं की अनेकांना पुन्हा सुरू.

यावरचा उपाय ऐकून तुम्ही नाक मुरडाल. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे! (हेडलाइनसाठी आम्हा पत्रकारितेच्या पोरांना याहून सोपा विषय मिळणार नाही.) पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन दिलेल्या १३ पैकी फक्त ४. फरक इतका मोठा, की चाचणी मधेच थांबवली.

धोकाही आहेच. दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जंतू गेल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये दिला. म्हणून आता निवडक जिवाणूंकडे मोर्चा वळलाय. २०२३ मध्ये एफडीएने ‘वॉवस्ट’ या कॅप्सूलला मान्यता दिली. दात्याच्या विष्ठेतून वेगळे काढलेले उपयोगी जिवाणूंचे बीजाणू त्यात असतात. रोज चार, तीन दिवस. दाताच नको, जिवाणू थेट प्रयोगशाळेत वाढवायचे, अशा औषधांच्याही चाचण्या चालू आहेत.

आता आपल्याकडचं बघा. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक चाचणी झाली. निम्म्या बाळांना सात दिवस ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ आणि त्या जिवाणूचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर दिली. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हे २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. एवढं मोठं काम भारतातल्या खेड्यात, भारतातल्या बाळांवर झालंय!

मग पुढची औषधं तिकडून महागात मागवायची कशाला? भाकरी-वरणावर वाढलेल्या आतड्यातले जिवाणू ब्रेड-मांसावर वाढलेल्यासारखेच नसतात. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधनही झालंय. सरकारने इथल्या जिवाणूंवर, इथल्या जुलाबांवर औषधाच्या चाचण्यांना पैसा द्यायला हवा. आणि ‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या ज्या त्या ड्रिंकला औषधाच्या थाटात मिरवू देणं थांबवायला हवं. कोणता जिवाणू, किती आणि कशासाठी, हे ज्या बाटलीवर लिहिलेलं नाही, ती सरबताच्या रांगेत ठेवा.