सहाच्या पुढची प्रत्येक सीट मधली

रुंद विमान बाहेरून कितीही अवाढव्य दिसो, त्याची खरी खूण आत असते. त्यात चालायच्या वाटा दोन असतात. ही हौस नव्हे, नियम आहे. एकच वाट असलेल्या विमानात वाटेच्या एका अंगाला तीनहून अधिक सीट लावता येत नाहीत. निकडीच्या वेळी कोणालाही वाटेवर येण्यासाठी दोनपेक्षा जास्त माणसे ओलांडावी लागू नयेत, एवढे त्यातून साधते. म्हणून सहा सीट झाल्या की एका वाटेचा हिशेब संपतो आणि सातवीसाठी दुसरी वाट काढावी लागते.

दुसरी वाट आली की पुढचे गणित सरळ आहे. खिडक्या दोनच राहतात आणि दोन वाटांच्या मिळून कडा होतात चार. म्हणजे रांगेत बऱ्या जागा सहा. सातवी सीट मधली, आठवी मधली, नववी आणि दहावीही मधलीच. विमान बोइंगचे असो की एअरबसचे, यात फरक पडत नाही. गेल्या पंचावन्न वर्षांतला इकॉनॉमी वर्गाचा इतिहास म्हणजे विमान कंपन्या या सहाच्या पुढे कुठवर गेल्या, याचा इतिहास.

सुरुवात बोइंग 747 ने झाली. पॅन अॅमचे पहिले 747 प्रवाशांना घेऊन 22 जानेवारी 1970 रोजी न्यूयॉर्कहून लंडनला निघाले. त्याची रुंदी प्रवाशांच्या सुखासाठी ठरली असेल, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पुढे लोक आवाजापेक्षा वेगवान विमानांनी जातील आणि 747 ला मालवाहतूक करावी लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. म्हणून आठ फूट रुंदीच्या दोन मालपेट्या शेजारी शेजारी मावतील एवढे धड आखले गेले. त्यातून आतली रुंदी मिळाली सुमारे 6.1 मीटर. वेगवान विमानांचा अंदाज फसला आणि पेट्यांसाठी आखलेल्या जागेत माणसे बसली. सुरुवातीला एका रांगेत नऊ, 3-4-2 अशी.

मुंबईत हे विमान एप्रिल 1971 मध्ये उतरले. एअर इंडियाच्या पहिल्या 747 चे नाव ‘एम्परर अशोक’ आणि खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याचे झरोके रंगवलेले. झरोका बाहेरून असल्यामुळे आत बसलेल्याला तो दिसत नसे, पण सांताक्रूझला निरोप द्यायला आलेल्यांची सोय झाली होती. त्या काळी भाडी विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवत असे. सगळ्यांचे तिकीट सारखे म्हटल्यावर स्पर्धा उरली ती जेवणाची, आदबीची आणि ऐसपैसपणाची.

मग 1973 मध्ये तेल भडकले. 1978 मध्ये अमेरिकेने आपल्या देशातली भाडी खुली केली आणि हळूहळू इतरत्रही बंधने सैल होत गेली. स्पर्धा आता तिकिटाच्या दरात आली आणि 747 च्या रांगेत दहावी सीट आली. 3-4-2 चे 3-4-3 झाले. धडाची रुंदी तसूभरही वाढली नाही. डीसी-10 हे विमान 1971 मध्ये 2-4-2 अशा आठांच्या रांगेने सुरू झाले आणि पुढे 2-5-2 वर गेले. पाचांच्या त्या बाकाच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याला रात्री उठायचे तर दोन झोपलेली माणसे उठवावी लागत. डावी की उजवी, एवढेच स्वातंत्र्य.

एअरबसचे पहिले विमान ए300 हे 1974 मध्ये सेवेत आले. त्याचीही रुंदी पोटात मालाचे दोन ठरावीक कंटेनर शेजारी बसावेत या हिशेबाने धरलेली. पण या वेळी पेट्यांनी माणसांवर मेहरबानी केली. त्या धडात 2-4-2 ची रांग अशी बेतशीर बसली की नववी सीट घुसवणे अवघड झाले. इंडियन एअरलाइन्सने 1976 पासून ही विमाने देशांतर्गत मार्गांवर आणली आणि मुंबई-दिल्लीच्या प्रवाशालाही दोन वाटांचे विमान मिळू लागले. तेच धड पुढे ए330 ला मिळाले आणि बहुतेक कंपन्या त्यात आजही आठच बसवतात. बोइंगचे 767 हे 1982 चे विमान आणखी दयाळू. त्याची रांग 2-3-2, म्हणजे सातांत मधली सीट एकच. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा चांगली रांग नंतर झाली नाही.

यानंतरची विमाने नवी आली आणि रांगा जुन्या वळणावर गेल्या. 1995 मध्ये 777 आले तेव्हा त्यात नऊ सीट होत्या; आज एमिरेट्ससारख्या अनेक कंपन्यांच्या 777 मध्ये दहा असतात. साडेअठरा इंचांची सीट त्यापायी सतरा इंचांवर आली. 787 ची आखणी करताना बोइंगने आठांची रांग दाखवली होती. जपान एअरलाइन्सने ती 2-4-2 अशी पाळली, बाकी जवळपास सगळ्यांनी नऊ बसवले. एअर इंडियाला 2012 मध्ये मिळालेल्या 787 मध्येही इकॉनॉमीच्या 238 सीट 3-3-3 अशाच होत्या. दुमजली ए380 मध्ये खाली 3-4-3 आणि वर इकॉनॉमी असेल तर 2-4-2. एमिरेट्सने 2014 मध्ये मुंबई-दुबई मार्गावर ते आणले; वरही इकॉनॉमी ठेवणाऱ्या कंपन्यांत मात्र एकाच तिकिटाच्या वर्गात वरचा मजला आणि खालचा मजला असा भेद सुरू झाला.

एअरबसने 2013 मध्ये लांबच्या प्रवासात सीट किमान 18 इंच असावी, अशी मागणी जगापुढे ठेवली होती. त्याच एअरबसने 2015 मध्ये ए380 च्या खालच्या मजल्यावर 3-5-3 अशी अकरांची रांग मांडून दाखवली आणि सीट 18 इंचांचीच राहील असे सांगितले. सुदैवाने ती कोणी घेतली नाही. बोइंगने नव्या 777 एक्ससाठी आतल्या भिंती पातळ करून चार इंच मिळवले आहेत. भिंत कोरून जागा काढण्याची ही रीत मुंबईच्या चाळींना नवी नाही.

आता हे सगळे माणशी मोजून पाहावे. आतली रुंदी भागिले रांगेतल्या सीट, वाटांसकट. नऊ सीटच्या 747 मध्ये माणशी 68 सेंटिमीटर येतात, दहा केल्यावर 61. ए330 मध्ये 66, 767 मध्ये 67. 777 मध्ये नऊ असताना 65 आणि दहा झाल्यावर 59. 787 मध्ये आठ असते तर 69 मिळाले असते, नऊमुळे 61 मिळतात. एअर इंडियाने जानेवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या ए350 मध्ये नऊंच्या रांगेत 62. त्याच ए350 मध्ये काही स्वस्त फ्रेंच कंपन्या दहा बसवतात; तिथे 56.

हा 61 चा आकडा पालघर जिल्ह्यातल्या वाचकाला अनोळखी वाटू नये. मुंबईच्या लोकलचा डबा बाहेरून 3.66 मीटर रुंद असतो आणि सेकंड क्लासच्या बाकांवर आडव्या रांगेत तीन आणि तीन असे सहा प्रवासी बसावेत, अशी त्याची आखणी. भागाकार केला तर माणशी 61 सेंटिमीटर. पत्र्याची जाडी वजा केली तर थोडे कमी. म्हणजे आशागडचा माणूस जीपने डहाणू रोडला येतो, लोकल पकडून अंधेरीला उतरतो, विमानतळ गाठतो आणि सातासमुद्रापार जाणाऱ्या 787 मध्ये बसतो, तेव्हा त्याच्या वाट्याची रुंदी जवळपास तीच राहते. (जीपचा हिशेब यात धरलेला नाही. जीपमध्ये किती जण बसतात हे चालकाच्या आशावादावर अवलंबून असते.)

या सदरात विरार-डहाणू लोकलचा विषय निघाला की लवकर आटोपत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. लोकल डहाणूपर्यंत आली ती 16 एप्रिल 2013 रोजी. त्याआधी शटल आणि मेलगाड्यांवर भागत असे. गाडी डहाणूहून सुटते तेव्हा खिडकी मिळण्याची आशा असते. वाणगावपर्यंत बाकावर तिघे ऐसपैस असतात. बोईसरला तारापूर एमआयडीसीची पाळी सुटलेली असली की डब्यात चौथी सीट जन्माला येते. रेल्वेच्या कोणत्याही नकाशात ही सीट नाही. तिघांच्या बाकाच्या टोकाला, अर्धे अंग वाटेत ठेवून, बसणाऱ्याच्या विनंतीवर आणि बसलेल्यांच्या मर्जीवर ती उभी राहते. चार आणि चार धरले तर माणशी वाटा 46 सेंटिमीटर. जगातल्या कोणत्याही विमान कंपनीला एवढे धाडस झालेले नाही.

पण चौथ्या सीटचे काही शिष्टाचार आहेत. ती मागावी लागते. ‘जरा सरका’ म्हणणारा माणूस समोर उभा असतो, त्याचा घामेजलेला चेहरा दिसतो, हातातली पिशवी दिसते. सरकणारा कपाळाला आठ्या घालतो पण सरकतो. उभ्याने ‘कुठे उतरणार?’ विचारायचे, बसलेल्याने ‘सफाळे’ म्हणायचे आणि जागेचा वायदा व्हायचा. पालघरला कोणी उतरले की चौथा तिसरा होतो, तिसरा दुसरा, आणि केळवे रोड येईपर्यंत एखाद्याला खिडकीसुद्धा लाभते. बाळ घेऊन आलेल्या बाईला चौथी नव्हे, पहिली सीट मिळते. हा सगळा कारभार कोणत्याही नियमावलीविना चालतो. भांडणे होतात, पण ती वैतरणेच्या पुलापर्यंत बहुधा मिटलेली असतात.

विमानात ‘जरा सरका’ कोणी म्हणत नाही. ते काम प्रवासी येण्याच्या कितीतरी आधी, सीट बसवताना झालेले असते. दहावा प्रवासी आपल्यामुळे नऊ जण सरकले आहेत हे जाणत नाही, आणि नऊ जणांना कोणासाठी सरकलो हे कळत नाही. आभार मानायला आणि चिडायला समोर कोणी नसल्यामुळे सगळा राग शेजारच्या कोपरावर निघतो. दोन सीटच्या मधला एकच हात टेकायचा दांडा कोणाचा, या प्रश्नावर माणसे नऊ तास मुकाट्याने लढतात. वायदा करण्याचीही सोय नाही, कारण मध्ये केळवे रोड नाही आणि पालघरही नाही. जी जागा मुंबईला मिळाली, तीच लंडनपर्यंत.

त्यावर आता नवा कर बसला आहे. मधली सीट नको असेल तर पैसे मोजायचे. तिकीट काढताना पडद्यावर विमानाचा आराखडा येतो आणि खिडकीच्या, वाटेकडेच्या चौकटींवर दर लिहिलेले असतात. फुकट राहतात त्या बहुधा मधल्या आणि शौचालयाजवळच्या. हे व्यवहाराच्या दृष्टीने मोठे चातुर्य आहे. 767 च्या सातांच्या रांगेत एकच जागा नकोशी होती. तिच्यापासून सुटण्यासाठी कोणी फारसे पैसे दिले नसते. दहांच्या रांगेत चार जागा नकोशा झाल्या, म्हणजे उरलेल्या सहांची किंमत आपोआप वाढली. आधी गैरसोय करून ठेवायची आणि मग ती टाळण्याचे दर लावायचे, असा हा धंदा आहे. कुटुंबे पांगू लागली आणि लहान मुले अनोळखी माणसांशेजारी बसू लागली, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला सांगावे लागले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बापाशेजारीच जागा द्या. लोकलच्या डब्यात यासाठी परिपत्रकाची गरज पडलेली नाही.

उलट्या दिशेने जाणारे उदाहरण हवे असेल तर ते एस.टी.त सापडते. जुन्या लाल डब्यात 3-2 ची रांग होती. नंतर आलेल्या परिवर्तन बसमध्ये ती 2-2 झाली. ज्या सेवेला सगळ्यांनी नावे ठेवली तिने मधली सीट काढून टाकून पाहिली. ज्या सेवेला राजवाड्याचे झरोके रंगवलेले होते तिच्या धंद्यात मधल्या सीट वाढत गेल्या. एअर इंडियाचे अखेरचे 747 मुंबईच्या धावपट्टीवरून 22 एप्रिल 2024 रोजी कायमचे निघून गेले. त्याच्यासाठी अनेकांनी डोळे पुसले. त्याची दहांची रांग मात्र 777 मध्ये शाबूत आहे, आणि तीही त्याच्याहून अरुंद धडात.

वाढवण बंदराजवळ मुंबईसाठी आणखी एक विमानतळ उभारण्याचे राज्य सरकारने बोलून दाखवले आहे. तो झाला तर डहाणू-तलासरीच्या माणसाचे विमान घराजवळून सुटेल आणि अंधेरीची धावपळ वाचेल. विमानातल्या रांगेत मात्र त्यामुळे काही बदलणार नाही. तोवर परदेशी जाणाऱ्याने तिकिटाचा दर पाहण्याआधी विमानाचे नाव पाहावे. ए330 असेल तर आठांची रांग मिळण्याची शक्यता मोठी, जपान एअरलाइन्सच्या 787 मध्येही आठच, ए380 च्या वरच्या मजल्यावर इकॉनॉमी असेल तर तोच मागावा, आणि 777 असेल तर नऊ की दहा हे आधी विचारून घ्यावे. जोडीने जाणाऱ्यांनी 2-4-2 मधली खिडकीकडची जोडी धरावी. तिच्यात तिसरा येत नाही. आणि कंपनी काहीही सांगो, रांगेतल्या सीट मोजून त्यातून सहा वजा करावेत. उत्तर दोनपेक्षा मोठे आले, तर जागा निवडण्याचे पैसे भरावेत किंवा शेजाऱ्याशी सुरुवातीलाच दोन शब्द गोड बोलून घ्यावेत.