न बोलणाऱ्यांच्या भाषेचे काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील भाषेचा झगडा 1956 पासून चालू आहे. माणसे हुतात्मा झाली, महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. चोर्ल्याचा घाट ओलांडून बेळगावच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या वाचकांना हा इतिहास परका नाही. परंतु ज्या मुलाच्या मुखातून मराठी वा कानडी एकही शब्द उमटत नाही, त्याची कड कोणत्या व्यासपीठावरून घेतली गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

स्वमग्नतेमुळे किंवा मेंदूच्या पक्षाघातामुळे न बोलणारे मूल निर्बुद्धच असणार, ही समजूत अद्याप गेलेली नाही. त्याला सांगावयाचे असते, साधन नसते. मग ते किंचाळते, डोके आपटते आणि घरची मंडळी देवाला कौल लावतात! 1985 साली अमेरिकेत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवघेवीची पद्धत सिद्ध केली. मुलाने पाण्याचे चित्र समोरच्या माणसाच्या हाती द्यावे आणि त्याच क्षणी त्याला पाणी मिळावे. 'काय हवे?' असे विचारावयाचे नाही. दुसऱ्या कोणी मागे बसून केवळ त्याच्या हाताला वळण लावावयाचे. मागणीचा आरंभ मुलाकडूनच व्हावा, हे यातील मर्म. पुढे चित्रे जोडून वाक्य होते. चित्रांमुळे मूल बोलावयाचे राहील, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. काही मुलांची वाचा उलट वाढते.

मात्र चित्र कोणाच्या घरातले? विकतच्या संचातील सँडविच निपाणीच्या मुलाच्या काय कामाचे? त्याच्या ताटातील भाकरीचे, त्याच्याच आजीचे छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवावे. 'नको' आणि 'दुखते' ही चित्रेही हवीतच. ती नेमकी विसरली जातात. मुंबईच्या आयआयटीने केलेल्या 'जेलो' या मोफत साधनात मराठीची सोय आहे. सीमाभागात चित्राखाली मराठी व कानडी दोन्ही शब्द असावेत, कारण आई एका भाषेत बोलते, दवाखान्यातील परिचारिका कदाचित दुसऱ्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा पर्यायी साधनांना संवादाच्या व्याख्येत स्थान दिले आहे. अंगणवाड्या कर्नाटक सरकारच्या हाती आहेत. सीमावासीयांच्या हिताची भाषा महाराष्ट्र सरकार करते. पहिल्याने सेविकांच्या पुढील प्रशिक्षणातच हा विषय घ्यावा, दुसऱ्याने मराठी शब्दांचे संच छापून द्यावेत.