घसारा आणि फटफटी

दहा हजार रुपयांचे यंत्र घ्या. दरसाल घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा लावा. चाळीस वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते अवघी पंधरा रुपये. हिशेबाच्या तासाला मी हे गणित बाकावर बसून मुद्दाम करून पाहिले, कारण आमच्या पडवीत असेच एक जवळजवळ चाळीस वर्षांचे यंत्र उभे आहे. गेल्या दिवाळीत बेंगळूरच्या एका गृहस्थांनी त्याची बोली केली. पंधरा रुपये नव्हे, माझ्या पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च सहज निघेल एवढी. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत आणि माझा घसाऱ्यावरचा विश्वास उडाला आहे.

हे यंत्र म्हणजे आजोबांनी १९८८ साली घेतलेली एन्फिल्ड फ्युरी. पत्रा मद्रासकडचा, पण आतला आराखडा जर्मनीतल्या त्सुंडाप या कंपनीचा. या त्सुंडापची कहाणी मोठी चमत्कारिक आहे. १९१७ साली, ऐन पहिल्या महायुद्धात, न्यूरेम्बर्गला ती निघाली ती तोफगोळ्यांना लागणाऱ्या वाती, म्हणजे फ्यूज, बनवायला. युद्ध संपले, गोळ्यांचे गिऱ्हाईक गेले, मग मोटारसायकली आल्या. १९८४ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि यंत्रसामग्री चीनला विकली गेली. म्हणजे आजोबांनी गाडी घेतली तेव्हा तिचे माहेर बुडून चार वर्षे झाली होती. सुटे भाग कुठून मिळणार?

आणि या गाडीची एक खोड अशी की तिच्या सिलिंडरला आतून कठीण क्रोमचा मुलामा आहे, वेगळी स्लीव्ह नाही. नवी असताना उत्तम. पण एकदा झिजली की आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बोअर मारून मोठा पिस्टन बसवता येत नाही. युरोपात सिलिंडर बदलून टाकतात, इथे तो मिळायचा कुठे? तीन वर्षे गाडी त्यामुळेच पडून होती. शेवटी उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींनी सिलिंडर आतून कापून, तापवून, त्यात बिडाची स्लीव्ह बसवली आणि तिला हवेची भोके जुन्याशी जुळवून पाडून दिली. हे काम मी सुटीत तिथे उभा राहून पाहिले. मिस्त्री आपल्या पोराला आणि मला एकच वाक्य सांगायचे, ‘बिच्चि नोडु’. उघडून बघ. पुस्तकात शोधू नकोस, मला विचारू नकोस, आधी उघड. कॉलेजात दोन वर्षांत मला कोणी इतका उपयोगी उपदेश केलेला नाही (प्राध्यापकांनी क्षमा करावी).

जुन्या जर्मन मोटारसायकलींचे वेड जगभर आहे. त्याचे कारण विचारले की लोक म्हणतात जुन्या आठवणी, नाहीतर प्रतिष्ठा, नाहीतर पैसा. मला यातले एकही पूर्ण पटत नाही. आठवणी म्हणाल तर माझ्या वयाच्या मुलाला कसल्या आठवणी? प्रतिष्ठा हवी असेल त्याने नवी गाडी हप्त्याने घ्यावी, ती जास्त चमकते. माझ्या मते खरे आकर्षण मिस्त्रींच्या त्या दोन शब्दांत आहे. या गाड्या उघडता येतात, आणि उघडल्यावर समजतात.

बीएमडब्ल्यूचेच पाहा. ही मुळात विमानांची इंजिने करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानांची इंजिने करायला बंदी आली, तेव्हा पोटासाठी ती मोटारसायकलींची इंजिने करून दुसऱ्यांना विकू लागली. त्या इंजिनात एकमेकांसमोर दोन सिलिंडर असत, पण व्हिक्टोरियासारख्या गाड्यांत ते पुढे-मागे बसवलेले. पुढच्याला वारा मिळे, मागचा तापून निघे. माक्स फ्रित्स या विमानवाल्या अभियंत्याने इंजिन आडवे फिरवले. दोन्ही सिलिंडर बाजूंनी बाहेर, दोघांनाही सारखा वारा. साखळीच्या जागी दांडा, म्हणजे शाफ्ट, घातला. १९२३ साली आर ३२ या नावाने ती गाडी आली, ४९४ सीसी आणि साडेआठ अश्वशक्तीची. शंभर वर्षे उलटून गेली, बीएमडब्ल्यू आजही तोच आराखडा सोडायला तयार नाही.

मी बीएमडब्ल्यू चालवलेली नाही, हे आधीच कबूल करतो. जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात १९६० च्या दशकातली एक पाहिली आणि मालकांनी माझ्या आग्रहाखातर ती सुरू केली. उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर पिळला की ती अंग उजवीकडे झुकवते, जणू कोणी खांद्याला हात लावला. इंजिनाचा मुख्य दांडा गाडीच्या लांबीत फिरतो त्याचा हा परिणाम. व्हॉल्व्ह जुळवायचे तर शेजारी तिपाई टाकून बसायचे, बाहेर आलेल्या सिलिंडरचे झाकण काढायचे, की सगळे समोर. टाकीच्या बाजूला कुलपाचा एक कप्पा आणि त्यात हत्यारे. करणाऱ्याने गृहीतच धरले होते की मालक रस्त्याकडेला बसेल, हात काळे करील आणि पुन्हा निघेल. आज नव्या गाडीत बिघाड झाला की आधी संगणक लावतात, आणि त्याने काय सांगितले ते आपल्याला कोणी सांगत नाही.

जी गोष्ट समजते तिची नक्कलही होते. डीकेडब्ल्यूची आरटी १२५ ही जर्मनीतली एक साधी टू-स्ट्रोक. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनी तिचा आराखडा उचलला. इंग्लंडात तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने तीच काढली, रशियात ती मॉस्क्वा झाली. आणि १९५५ साली जपानच्या यामाहाने आपली पहिली मोटारसायकल वायए-१ केली, तीही तिच्याच वळणावर. आपल्या कॉलेजात आरएक्स १०० चे जे भक्त आहेत आणि जर्मन गाड्यांना नाके मुरडतात, त्यांनी आपल्या दैवताचे कुळ एकदा शोधावे.

आता एक आक्षेप. आमचे इतिहासाचे सर मला म्हणाले, ‘अरे, ज्या कारखान्यांनी हिटलरच्या फौजेला साइडकारच्या गाड्या पुरवल्या, त्यांचे गोडवे कसले गातोस?’ आक्षेप खरा आहे. बीएमडब्ल्यूच्या आलाखच्या विमान-इंजिन कारखान्यात डाखाऊच्या छळछावणीतले कैदी राबवले गेले. हे कंपनीही आज नाकारत नाही. मी त्यावर सरांना काय उत्तर देणार? एवढेच म्हणालो की चांगले यंत्र करणारा हात चांगल्या माणसाचाच असतो असा माझा दावा नाही. यंत्र उघडायचे तर त्याचा हाही भाग उघडावा. लष्करी रंग देऊन, त्या काळची चिन्हे चिकटवून मिरवणारे शौकीन काही ठिकाणी दिसतात, त्यांची मात्र मला शिसारी येते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत गोड वाटावी अशी हकीकत १९५९ ची आहे. १९५४ साली बीएमडब्ल्यूने जवळजवळ तीस हजार मोटारसायकली केल्या होत्या. तीनच वर्षांत आकडा साडेपाच हजारांच्या आत आला. कारण सरळ आहे, जर्मन माणसाच्या हाती पैसा आला आणि त्याने डोक्यावर छप्पर असलेली गाडी घेतली. त्याच काळात जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी ठरलेली एनएसयू पुढे त्या धंद्यातून उठलीच. बीएमडब्ल्यू डबघाईला आली, आणि ९ डिसेंबर १९५९ रोजी म्युनिकच्या सर्वसाधारण सभेत ती डाइमलर-बेंझच्या हाती सोपवण्याचा ठराव आला. अध्यक्षांच्या खुर्चीत बँकेचा माणूस, आणि त्याच बँकेचे वजन दोन्ही पारड्यांत. लहान भागधारक आणि गाड्यांचे विक्रेते खवळले. त्यांच्या बाजूने मातर्न नावाचे वकील उभे राहिले आणि त्यांनी ताळेबंदात बोट ठेवले. नव्या ७०० मोटारीच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षात खर्ची टाकला होता. तो अनेक वर्षांवर विभागायला हवा होता, म्हणून ताळेबंद सदोष. आणि ताळेबंद सदोष असेल तर दहा टक्के मतांवर सभा तहकूब करता येत होती. सभा तहकूब झाली, प्रस्तावाची मुदत त्याच दिवशी संपत होती, कंपनी वाचली. पुढे हर्बर्ट क्वान्ट यांनी तीत भांडवल घातले. (या घराण्याच्या कारखान्यांतही युद्धात वेठबिगार राबली होती, सरांचा आक्षेप इथेही लागू.) आणि ज्या ७०० मोटारीवर हे सगळे घडले तिच्या मागच्या बाजूला इंजिन होते ते मोटारसायकलीच्याच जातीचे, दोन सिलिंडरचे. म्हणजे खर्च कोणत्या वर्षाला टाकायचा या प्रश्नावर एक कंपनी जगली. घसाऱ्याचा धडा शिकवताना हे उदाहरण कोणी का सांगत नाही, कोण जाणे.

पण मालकही सगळे सारखे नसतात. रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलीच्या देखभालीवरचे १९७४ चे पुस्तक आपल्या वाचनालयातही असेल. त्यात लेखकाच्या मित्राकडे बीएमडब्ल्यू आहे. तिचे हँडल सैल होते, तेव्हा लेखक सुचवतो की बिअरच्या डब्याची पातळ अॅल्युमिनियमची पट्टी कापून आत घालू. मऊ धातू, गंजत नाही, पक्के बसेल. मित्राला ही कल्पनाच सहन होत नाही. एवढी महागडी जर्मन गाडी आणि तिला बिअरचा डबा! मला तो मित्र पदोपदी भेटतो. त्याला गाडी आवडते, पण गाडीत काय आहे ते बघायचे नसते. माझ्या सिलिंडरातली बिडाची स्लीव्ह पाहून बेंगळूरचे गृहस्थही असेच दुखावले. ‘अस्सलपणा गेला,’ म्हणाले, आणि दहा टक्के कमी केले.

आपल्या कायद्याचाही कल याच मित्राकडे दिसतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षे जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनाला तज्ज्ञाने तपासून एच अक्षराची पाटी मिळते. मोटारसायकलीला वर्षाला ४६ युरो ठोक कर भरला की तिच्यावरून रोज बेकरीत पाव आणायला गेलात तरी कोणी अडवत नाही. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये नियम झाले. पन्नास वर्षांवरच्या वाहनाला व्हीए अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अट अशी की ते नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतेच. जुन्या गाड्या जपाव्यात ही सरकारची इच्छा चांगलीच आहे. पण न चालवता मोटारसायकल जपायची कशी? सील वाळतात, कार्बुरेटरात चिकटा धरतो, टाकी आतून गंजते. हे मी तीन वर्षे पडवीत पाहिले आहे. माझी फ्युरी २०३८ साली पन्नास वर्षांची होईल, तोवर तिला दर पाच वर्षांनी साधी फेरनोंदणी करून रस्त्यावर नेता येईल. त्यानंतरही ती साध्याच नोंदणीवर राहावी अशी माझी इच्छा आहे. विंटेज म्हणून मान मिळाला नाही तरी चालेल.

धुराचा मुद्दा कोणी काढील, तो मी टाळत नाही. टू-स्ट्रोक तेल जाळते, निळा धूर सोडते, आणि बेळगावातली प्रत्येक गाडी तशी असती तर मीच तक्रार केली असती. पण महिन्याला शंभर किलोमीटर चालणारी एक गाडी आणि दर सात-आठ वर्षांनी नवी गाडी घेणारा माणूस, यांत पृथ्वीवर जास्त भार कोणाचा, हा हिशेब मला कोणीतरी नीट मांडून दाखवावा. मला अजून तो जमलेला नाही.

घरात बाबा विकायच्या बाजूचे आहेत. ते म्हणतात, ‘तुझी फी त्या पडवीत उभी आहे आणि तू तिला तेल घालत बसतोस.’ त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही, फी तेच भरतात. आजोबा फारसे बोलत नाहीत. मागे एकदाच म्हणाले, ‘वीक, पण आधी चालू करून दे.’ ती चालू झाली त्या संध्याकाळी त्यांना मागे बसवून टिळकवाडीतून चक्कर मारून आणली. तिसऱ्या गेटापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थापटून चौथा गिअर टाकायला सांगितले. मी विसरलो होतो.

बेंगळूरच्या गृहस्थांना गाडी आपल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात काचेमागे ठेवायची आहे, पेट्रोल काढून. मी त्यांना कळवले आहे की स्लीव्ह तशीच राहील, किंमत पहिली होती तीच राहील, आणि आधी त्यांनी स्वतः येऊन किक मारावी, खानापूर रस्त्याने एक फेरी करावी, मग बोलू. अजून ते आलेले नाहीत.