पाच तारे, पाच माणसे

गेल्या जुम्याला नमाज झाल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर मावसभावाने गाठलं. "भाईजान, पंच घेऊ का? पेट्रोलवाली." तो निजामपुऱ्यात राहतो, अंजूरफाट्याजवळच्या एका गोदामात हिशेब बघतो. घरात माणसं सहा: तो, बायको, खाला आणि तीन मुलं. व्याजाचं कर्ज नको म्हणून पाच वर्षं पैसे साठवलेत. मोठी सात आसनी गाडी त्यात बसत नाही आणि निवड चुकली तर लवकर दुसरी घेता येणार नाही. म्हणून मी लगेच "घे" म्हणालो नाही.

टाटा पंच ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तेव्हा लांबी ३,८२७ मिलिमीटर होती, इंजिन तीन सिलिंडरचं, ११९९ सीसीचं. ही मापं उगाच नाहीत. चार मीटरच्या आणि बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सेस धरून २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. भावाच्या साठवलेल्या पैशाला त्यामुळेच थोडा जोर आलाय.

गाडीचं पोट जमिनीपासून चांगलं उंच. मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर ही उंची रुबाबासाठी असेल, आपल्याकडे ती गरज आहे. वाडा रोडचे खड्डे, मेट्रोच्या कामात वर्षानुवर्षे अडलेला कशेळी-काल्हेरचा रस्ता, बाजूला कंटेनर, हे ज्याने भोगलंय त्याला समजावावं लागत नाही. खालाच्या गुडघ्यांसाठीही ती बरी. सीट उंच, दरवाजा काटकोनात उघडतो, त्यामुळे खाली वाकून आत शिरावं लागत नाही.

पावसात मात्र उंचीवर भरवसा नको. साचलेल्या पाण्यातून गाडी जाते, असं कंपनी सांगते. पण तीन बत्तीला पाणी भरल्यावर त्याखालचा खड्डा किती खोल, हे कोण मोजणार? पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नये, गाडी ढकलून बाहेर काढावी. आत पाणी गेलेलं इंजिन चालू केलं की मोडतं, आणि साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण विमा घेतानाच मागून घ्यावं.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. महिन्याला सहाशे किलोमीटर आणि गर्दीत लिटरला तेरा धरले, तर ४६ लिटर, म्हणजे साधारण पावणेपाच हजार रुपये. सीएनजीत पैसे वाचतात, पण डिकी ३६६ लिटरवरून २१० वर येते आणि पंपावरची रांग वेगळी. रोज ठाण्यापलीकडे जाणाऱ्याने सीएनजी बघावी. गावातल्या गावात फिरणाऱ्याला पेट्रोल पुरे. तीन सिलिंडरचं इंजिन भरल्या गाडीने कसारा घाटात जोर लावतं, गिअर उतरवावा लागतो. पण तो घाट रोजचा नाही.

आता खरा मुद्दा. ग्लोबल एनकॅपच्या २०२१ च्या चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी चार. भावाला हे तोंडपाठ आहे. मी विचारलं, "सहावा कुठे बसणार?" तो म्हणाला, "धाकटा अम्मीच्या मांडीवर."

चाचणीतले पुतळे पट्टा बांधून बसवलेले असतात, मूल मुलाच्या आसनात असतं. मांडीवरच्या मुलासाठी कोणी तारे दिलेले नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्री गेले. गाडी किती महागडी होती! पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटवरच्या दोघांनी, बातम्यांनुसार, पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, पण आपल्याकडे मागचे पट्टे सीटच्या फटीत दाबलेले असतात. वलीम्याला निघालेल्या गाडीत आपण सात-आठ जण कोंबतो आणि "अल्लाह मालिक" म्हणतो. तवक्कुल म्हणजे आधी उंट बांधणं, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकलंय. गाडीत ती दोरी म्हणजे पट्टा.

मी भावाला शेवटी सांगितलं, गाडी घे. सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायला, खालाला डॉक्टरकडे न्यायला ती चांगली आहे, आणि त्या वेळी गाडीत चार-पाचच माणसं असतात. सहाही जण एकत्र निघतात ते ईदला, लग्नाला. त्या दिवशी दोन फेऱ्या कर, नाहीतर दोघांसाठी रिक्षा कर. शंभर-दोनशे रुपये जातील. आणि धाकट्यासाठी मुलांचं आसन गाडीबरोबरच घे, सीट कव्हरच्या आधी.

तो हसला आणि म्हणाला, "भाईजान, लोक काय म्हणतील? गाडी असून रिक्षाने आले!"

म्हणू देत. पोरगा घरी आला पाहिजे.