घरचा संगणक आणि आपली घाई

घरांतील संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडूं लागला म्हणजे बहुतेक घरांत तीन गोष्टी ठरल्याप्रमाणें होतात. मुलावर ठपका येतो, दुकानदारास निरोप जातो, आणि 'सगळें पुसून नव्यानें घाला' असा निकाल लागतो. संगणक कां बंद पडतो हें कोणासही कळण्यापूर्वींच या तिन्ही गोष्टी झालेल्या असतात. नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण दुसऱ्यांदा पाऊल टाकणार नाहीं. पण यंत्राच्या बाबतींत तोच प्रकार आपण पैसे मोजून करवून घेतों. निदानाचें हें काम प्रथम घरींच, विद्यार्थ्यांच्या हातून व वडील माणसांच्या देखत झालें पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि तें कसें होऊं शकतें हेंही येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या पुसून टाकण्याविषयीं. बाजारांत याला 'फॉर्मॅट मारणें' म्हणतात. बिघाड विंडोजमध्यें किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्यें असेल, तर या उपायानें गुण येतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दोष तापण्याचा, रॅमचा किंवा वीजपुरवठ्याचा असेल, तर पुसलेला संगणक आठ दिवसांत पूर्ववत् बंद पडूं लागतो. आणि मध्यंतरीं दोन गोष्टी हातच्या गेलेल्या असतात. एक, घरचीं छायाचित्रें आणि मुलानें वर्षभर तयार केलेले प्रकल्पाचे कागद. दुसरी, संगणकानें स्वतः लिहून ठेवलेली बिघाडाची नोंद. चोरी झालेल्या घरांत पंचनाम्यापूर्वींच केर काढण्यासारखें हें आहे. म्हणून संगणक थोडा वेळ तरी चालतो आहे तोंच महत्त्वाचें सर्व कांहीं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावें. बाकीचें सर्व त्यानंतर.

मग हवी एक वही. दि. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या अवाढव्य गणकयंत्रांत बिघाड झाला. शोध घेतां घेतां तेथील मंडळींस एका रिलेमध्यें अडकलेलें, दिव्यावर झेप घेतें तसलें, एक पाखरूं सांपडलें. त्यांनीं तें चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविलें, आणि शेजारीं वेळ व रिलेचा क्रमांक लिहून ठेवला. तें पान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे. यंत्रांतील दोषास 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल या प्रसंगापासून पडली, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें असतें. तें खरें नव्हे. एडिसननें १८७८ मध्येंच तो शब्द या अर्थानें वापरला होता. आम्हांस त्या गोष्टींत पाखरापेक्षां वही अधिक मोलाची वाटते.

वहींत काय लिहावें? संगणक किती वाजतां बंद पडला. चालू करून किती वेळ झाला होता. त्यावर कोणतें काम चाललें होतें. तो दिवा विझल्यासारखा बंद झाला, आपोआप पुन्हा सुरू झाला, कीं पडद्यावरील चित्र जागच्या जागीं गोठून राहिलें. कांहीं अक्षरें उमटलीं काय. आणि त्या क्षणीं घरांतील दिवे लुकलुकले काय. आठवडाभर इतकें लिहिलें तर अर्धें निदान बहुधा त्या पानावरच होतें.

जड काम सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीं बंद पडणारा, लगेच चालू केला तर दोन मिनिटांतच पुन्हा बंद पडणारा, आणि थंड झाल्यावर निमूटपणें चालणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसर फार तापला कीं प्रथम आपली गति कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढतच राहिली तर स्वतःस वांचविण्यासाठीं सर्वच बंद करतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते. तेथें पंख्याखालीं धुळीची गादी सांचलेली असेल आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंबलेलें असेल, तर त्या यंत्रानें उष्णता टाकावी कोठें? वायर भिंतींतून काढून, बाजूचें झांकण उघडून, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. वाऱ्याच्या झोतानें पंखा गरगर फिरूं देऊं नये; पातें बोटानें धरून ठेवावें. या कामास एक पैसाही लागत नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच तें कोणी सुचवीत नाहीं.

दिवे लुकलुकतांच बंद पडणाऱ्या संगणकाची गोष्ट वेगळी. वीज खंडित झाली तरी संगणकाचा एस.एम.पी.एस. सुमारें १६ सहस्रांश सेकंद तग धरील अशा बेतानें बनविलेला असतो. घरचा इन्व्हर्टर याहून उशिरा कामास लागला तर संगणक बंद पडणारच. पुष्कळ इन्व्हर्टरांवर एक खटका असतो, त्याच्या 'यू.पी.एस.' या बाजूस अदलाबदल जलद होते, दुसऱ्या बाजूस सावकाश. नवा एस.एम.पी.एस. विकत घेण्यापूर्वीं तो खटका कोणीकडे आहे हें तरी पाहावें. मात्र एस.एम.पी.एस.ची पेटी कोणत्याही विद्यार्थ्यानें उघडूं नये. वायर काढल्यावरही तिच्यांत जिवावर बेतेल इतकी वीज कांहीं काळ सांचून राहते. ही एकच आज्ञा आम्ही या लेखांत करतों. बाकी सर्व सूचना आहेत.

दर वेळीं निराळ्याच कामांत आणि निराळीच अक्षरें दाखवून संगणक बंद पडत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. रॅम तपासण्याची सोय विंडोजमध्यें मुळांतच आहे. तींतील विस्तृत परीक्षा रात्रीं लावून ठेवावी. या परीक्षेंत शंभरांपैकीं नव्याण्णव गुण म्हणजे नापास. एकही चूक चालत नाहीं. पट्ट्या दोन असतील तर एक काढून ठेवून दुसरीवरच दोन दिवस चालवावा, मग उलट करून पाहावें. पट्टीचे सोनेरी दांत खोडरबरानें घासले कीं संगणक चालूं लागतो, ही विद्या आपल्याकडे घरोघर आहे. रबराचा महिमा आम्हांस फारसा पटलेला नाहीं. पट्टी काढून पुन्हा नीट बसविली गेली, यांतच बहुतेक पुण्य असावें. फाइल उघडतांना अडखळणारा व आंतून टकटक आवाज करणारा संगणक असेल, तर मात्र परीक्षा करीत बसूं नये. ती हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजीत असते. कागद उतरवून घ्यावे आणि ती बदलावी.

आतां पडद्यावरील अक्षरांविषयीं, कारण येथें जाणतीं माणसेंही फसतात. विंडोजच्या नोंदवहींत, जिला 'इव्हेंट व्ह्यूअर' म्हणतात, 'कर्नल-पॉवर ४१' अशी ओळ पुष्कळांस सांपडते, आणि 'पॉवर' हा शब्द पाहून लोक एस.एम.पी.एस. बदलून टाकतात. त्या ओळीचा अर्थ इतकाच कीं, संगणक रीतसर बंद न होतां पुन्हा सुरू झाला. तें तर आपणांस ठाऊकच होतें! याहून मोठें उदाहरण २०२४ मधील आहे. इंटेल कंपनीच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ खेळतांना, ग्राफिक्स कार्डाची स्मृति अपुरी पडली अशा अर्थाची सूचना येऊन खेळ बंद पडत. सूचना वाचणाऱ्याचा संशय साहजिकच कार्डाकडे जाई. दोष निघाला प्रोसेसरांत. त्यास गरजेपेक्षां अधिक व्होल्टेज मिळून तो आंतून झिजत होता. कंपनीनें त्याच वर्षीं सुधारणा प्रसृत केली व त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. असा संगणक ज्या घरांत होता, तेथें खेळणाऱ्या मुलास काय काय ऐकून घ्यावें लागलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

'खेळून खेळून बिघडवलास' हें वाक्य पालकांनीं जरा आवरून बोलावें, अशी आमची विनंती आहे. जड खेळानें यंत्रावर ताण पडतो हें खरें. पण नीट वारा व नीट वीज मिळणारें यंत्र तो ताण सोसण्यासाठींच बनविलेलें असतें. खेळामुळें दोष उत्पन्न होतो असें क्वचित्. बहुधा असलेला दोष उघड होतो. कोठून तरी चोरून उतरविलेला खेळ आणि त्याबरोबर आलेला व्हायरस, ही गोष्ट निराळी. तेथें पालकांचा राग आम्ही योग्यच समजतों. परंतु तो राग पुराव्यानंतरचा असावा. दि. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळें जगभर सुमारें ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. कांहीं भारतीय विमानतळांवर प्रवाशांचे पास हातानें लिहून द्यावे लागले. तेथें कोणता मुलगा खेळत बसला होता?

दुकानदारांसही आम्ही दोष देत नाहीं. घरीं दिवसांतून चार वेळां बंद पडणारा संगणक त्यांच्याकडे दोन दिवस बिनतक्रार चालतो, कारण घरची वीज आणि घरचा कोंदट कप्पा दुकानांत जात नाहीं. मग गिऱ्हाइकाचें समाधान व्हावें म्हणून रॅम, एस.एम.पी.एस. आणि विंडोज हीं तिन्ही एकदम बदललीं जातात. संगणक सुधारला तर कशानें सुधारला हें कळत नाहीं, आणि तिहींपैकीं दोहोंचे पैसे व्यर्थ गेले हेंही कळत नाहीं. यासाठीं घरीं असो कीं दुकानांत, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती वहींत लिहावी, आणि पूर्वीं जितक्या वेळांत तो बंद पडत असे त्याच्या तिप्पट वेळ चालवून पाहावा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत आमचे विद्यार्थी हेंच करतात. घरीं त्याला गुण नसल्यामुळें तें विसरतात.

दुकानांत जावयाचेंच झालें तर वहीचें तें पान बरोबर न्यावें. कोणता भाग बदलला हें बिलावर लिहवून घ्यावें, मूळ बिल काढून हमीची मुदत शिल्लक आहे काय तें पाहावें, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. तो चांगला निघण्याचाही संभव असतो.