भोपळ्याला शून्य गुण देऊ नका

परीक्षेत शून्य मिळाले की ‘भोपळा मिळाला’ म्हणायची आपली रीत. आहाराच्या बाबतीत मात्र लाल भोपळ्यावर हा अन्यायच आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज एखादी तरी आई म्हणते, “डॉक्टर, बाळाला ताकदीचं टॉनिक लिहून द्या.” बाळ आठ-नऊ महिन्यांचे, पण त्याचा आहार डाळीचे पाणी आणि बिस्किटे. घरात भोपळा होतो का, असे विचारले की उत्तर ठरलेले: “तो कोण खातंय!”

डांगर म्हणा वा काशीफळ, त्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनसारख्या रंगद्रव्यांमुळे येतो. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. डोळे, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्तीला ते लागते. कमी पडले तर रातांधळेपणा येतो, जंतुसंसर्ग बळावतात. फारच कमी पडले तर दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस दर सहा महिन्यांनी दिले जातात. ते चुकवू नयेतच. पण रोजची गरज ताटातूनही भागायला हवी.

बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे नुसत्या उकडलेल्या फोडींपेक्षा मेथीदाणे-हिंगाच्या फोडणीची, वर दाण्याचे कूट घातलेली भाजी अधिक उपयोगी. भोपळा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देऊ नये. झाकण ठेवून वाफेवर शिजवावा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मऊ शिजवलेला भोपळा वरणभातात कुस्करून, अर्धा चमचा तूप घालून द्यावा. वेगळा खर्च नाही, वेगळा खटाटोप नाही.

मधुमेही रुग्ण विचारतात, “गोड लागतो, चालेल का?” शंभर ग्रॅम भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी आणि सुमारे 25 कॅलरी असतात. वाटीभर भाजी चालेल. मात्र बटाट्याच्या जागी, बटाट्याच्या जोडीला नव्हे. गूळ घालून तळलेले घारगे सणापुरतेच ठेवावेत. ‘भोपळ्याने मधुमेह बरा होतो’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांवर विसंबून गोळ्या बंद करू नयेत. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियमचे पथ्य आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. आणि फोड चाखल्यावर कडू लागली, तर तो भोपळा सरळ टाकून द्यावा. कडूपणा विषारी द्रव्यामुळे असू शकतो.

पिकलेला अखंड भोपळा फ्रिजशिवाय, कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. कापलेला मात्र दोन-तीन दिवसांत संपवावा. टॉनिकची बाटली मागण्याआधी या आठवड्याच्या बाजारातून एक फोड आणा. गर जितका गडद केशरी, तितकी ती चांगली.