चुलीचा धूर आणि दुर्धर आजाराचा विमा

गोंदिया जिल्ह्यांतील धानउत्पादक शेतकरी आपल्या बांधीच्या रक्षणाविषयीं किती दक्ष असतो, हें आम्हीं निराळें सांगावयास नको. पऱ्हे टाकण्यापूर्वीं तो बांध दुरुस्त करतो, मामा तलावाच्या पाण्याची चौकशी ठेवतो आणि खरिपाच्या पिकाचा विमाही उतरवितो. परंतु ज्या घराच्या बळावर ही शेती उभी आहे, त्या घराच्या रक्षणाविषयीं आपण तितकेच दक्ष आहोंत काय? या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक देतां येत नाहीं, म्हणूनच आज बांधीऐवजीं स्वयंपाकघराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

आपल्याकडे जंगल जवळ, म्हणून सरपण विपुल. पण आषाढ-श्रावणांत तेंच लांकूड ओलें होतें, कवेलूंच्या छपराखालीं धूर कोंडतो, आणि तो सोसावा लागतो चुलीशीं बसणाऱ्या गृहिणीला व तिच्या मांडीवरील लेंकराला. जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं हवेंतील सूक्ष्म कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीनें दर घनमीटरास 15 मायक्रोग्रॅम ठरविली. चूल पेटलेल्या कोंदट खोलींत हें प्रमाण शेंकड्यांनीं मोजावें लागतें. मुलांचा न्यूमोनिया, श्वासनलिकांचा जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग या साऱ्यांशीं या धुराचा संबंध आहे. 2020 सालीं घरांतील दूषित हवेमुळें जगांत सुमारें 32 लाख माणसें दगावलीं, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

हा प्रश्न आजचा नाहीं. 1934 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें आपल्या विदर्भांतच, वर्ध्याच्या मगनवाडींत, धुराडें असलेली मगन चूल प्रचारांत आणली. पुढें 1983 पासून केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. पण काजळीनें धुराडीं तुंबलीं, तीं कोणीं साफ केलीं नाहींत, आणि कित्येक घरीं जुनी चूल परत आली. 2016 च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना निघाली. तिची आठ कोटींवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजीं मराठवाड्यांतील औरंगाबाद येथें देण्यांत आली. तथापि सिलिंडर घरांत आला म्हणजे धूर घराबाहेर गेला, असें होत नाहीं. चहा गॅसवर आणि भात, आंघोळीचें पाणी व गुरांचें खाद्य चुलीवर, ही वहिवाट ज्या घरीं चालू आहे, तेथील हवा पूर्वीसारखीच राहते.

तेव्हां करावयाचें तें असें. भात-भाजी गॅसवर शिजवावी. पाणी तापविण्याची चूल सांदवाडींत न्यावी. चूल आंतच ठेवणें भाग असेल, तर तिचें धुराडें छपराच्या आढ्याहून उंच न्यावें व महिन्याकाठीं झाडावें. सरपण मृगापूर्वीं वाळवून आडोशाला रचावें. ज्यांच्या गोठ्यांत चार-पांच जनावरें आहेत, त्यांनीं दोन घनमीटरचें गोबरगॅस संयंत्र अवश्य बांधावें. त्यास रोज सुमारें 50 किलो शेण लागतें, आणि शेण वायां न जातां त्याचें उत्तम खत बांधीस मिळतें. घरांत बिडी ओढूं नये. आणि पौषाच्या थंडींत बंद खोलींत पेटती शेगडी ठेवून तर कधींही निजूं नये, कारण तिचा विषारी वायु वास न येतां प्राण घेतो.

आतां विम्याविषयीं. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 सालीं आठ जिल्ह्यांत सुरू होऊन 2013 च्या नोव्हेंबरांत सर्व राज्यांत, अर्थात् आपल्या जिल्ह्यांतही, आली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालू असून 2024 पासून तिचें संरक्षण दर कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांचें आहे. ज्यांनीं आपलें कार्ड अद्याप काढलें नसेल, त्यांनीं तें आधीं काढावें. मात्र ही योजना रुग्णालयाचें देणें भागविते. रोवणीच्या दिवसांत लावावी लागणारी जादा मजुरी, नागपूरच्या फेऱ्या आणि बुडालेला हंगाम यांचें देणें ती भागवीत नाहीं. गहाणखतें बहुधा याच खर्चापायीं लिहिलीं जातात. दुर्धर आजाराच्या विम्यांत ठरलेल्या आजाराचें निदान होतांच ठरलेली रक्कम एकदम हातीं येते, व ती कशी खर्चावी हें घरानें ठरवावयाचें असतें. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के करही उठला आहे.

परंतु करारपत्र वाचल्याशिवाय सही करूं नये. पहिल्या कांहीं महिन्यांत, बहुधा 90 दिवसांत, उद्भवलेला आजार अशा विम्यांत धरीत नाहींत. निदानानंतर ठराविक दिवस रोगी जगला पाहिजे, अशीही अट असते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, चुलीच्या धुरानें जडणारा जुनाट दमा या यादींत बसत नाहीं. जें बसतें तें फुप्फुसांचें शेवटच्या अवस्थेंतील निकामीपण. म्हणजे विश्रांतींतही दम लागणें व कायम प्राणवायु लावावा लागणें. तेव्हां जो म्हणतो, "विमा आहे, मग धुराची काळजी कशाला?" त्यानें समजून असावें कीं, ती रक्कम हातीं येईल तेव्हां माणूस बहुतेक हातचें गेलेलें असेल. धुराडें हा पहिला विमा; कागदाचा विमा दुसरा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या घरांत विमा निघालाच तर तो सातबारा ज्याच्या नांवें त्याच्याच नांवें निघतो. धूर मात्र जिच्या वाट्यास येतो, ती गृहिणी कागदावर कोठेंच नसते. आणि ती अंथरुणास खिळली म्हणजे रोवणी, गोठा व मुलें एकाच दिवशीं उघडीं पडतात. यंदाच्या धानाचे चुकारे हातीं येतील, तेव्हां आमच्या सभासदांनीं त्यांतून दोन रकमा आधीं काढून ठेवाव्या: एक स्वयंपाकघर निर्धूर करण्यासाठीं, आणि दुसरी घरांतील बाईच्या नांवें पहिला हप्ता भरण्यासाठीं. पिकाची काळजी घेणाऱ्यास हें जड वाटूं नये.